हळदीच्या गाण्याला टाकलेला इको

आमच्या भागात आवाजाला इको नसला तर माणूस बोलला असं कुणी धरतच नाही. लग्नात मांडववाला माईक लावतो तो आधी इकोचं बटण पिळूनच. "सर्वांनी जेवून जावे" म्हणलं की "जावे, जावे, जावे" असं मांडवभर घुमत राहतं, आणि पाहुण्याला कळत नाही की आपल्याला जेवायला बोलवायलेत का हाकलायलेत. बारशाला इको, जत्रेला इको, तेराव्याला कीर्तन असलं तर तिथंही इको. म्हणून मी घरी मोबाईलवर लोकांचे व्हिडिओ जोडायला लागले तेव्हा प्रत्येकाची पहिली मागणी हीच असायची. "अक्का, इको टाका बरं का. साधा आवाज बरा लागत न्हाई."

माझं सासर हुलसूर. मी ब्लाऊज शिवते आणि त्याच मशीनच्या टेबलावर मोबाईल उभा करून गावातले वाढदिवस, जावळं, साखरपुडे जोडून देते. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकले. कापड काय नि व्हिडिओ काय, कुठं कापायचं ते कळलं की निम्मं काम झालं. मला इंग्रजी येत नाही. मराठी येते, कन्नड येते, गल्लीतली दखनी येते, आणि ॲपमधली बटणं चित्रावरून ओळखता येतात. माझ्या तोंडाला हाड नाही असं गल्लीतल्या बायका म्हणतात. खरं आहे ते, मी कशाला नाकारू?

नवरा जाऊन मला बरीच वर्षं झाली. लेक एकच. शेजारच्या घरात धाकटा दीर आणि जाऊ, मधी एक भिंत, अंगण एकच. दीर माणूस वाईट नाही हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल. माझ्या लेकीचं लग्न त्यानं आपल्या लेकीचं करावं तसं केलं. हळ्ळीखेडला स्थळ बघायला तोच गेला, मांडवाला खांब रोवायला तोच. पण काही माणसं सगळं करतात आणि शेवटी असं एक काही बोलतात की केलेल्या सगळ्यावर पाणी.

हळदीच्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला आणि चुलीकडं बघत म्हणला, "वैनी, तुमी आतच ऱ्हावा. हळदीची वाटी ही घिऊन यील." ही म्हणजे त्याची बायको. "तुमाला म्हून न्हाई, पर लोक काय म्हणतेत."

तुमाला म्हून न्हाई! मग कुणाला म्हणून? माझ्या पोटातून जे आलं ते मी गिळलं. लेकीच्या कार्यात भांडण नको म्हणून गिळलं, भ्याले म्हणून नाही.

आता ह्यात काय एवढं, असं ज्याला वाटेल त्याला आमची हळद सांगायला पाहिजे. आमच्यात हळदीचं गाणं एकटीनं म्हणायचं नसतं. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या ती झेलतात. ओळीत एकेका नातलगाचं नाव येतं. "नवरीची आत्या आली ग, हळद लावाया आली." बायका तेच झेलतात, आणि आत्या पुढं होऊन लेकीच्या गालाला हळद लावते. मग मामी, मग काकी, मग मावशी. आई मुद्दाम घरात थांबलेली असते. सगळ्या नात्यांची नावं संपली की म्हणणारी विचारते, "नवरीची माय कुठं राह्यली ग, कुठं राह्यली?" ह्या ओळीला झेलायचं नसतं, उत्तर द्यायचं असतं. सगळ्या बायका एका आवाजात म्हणतात, "माय आली ग माय आली, हळद घिऊन म्होरं आली." तेवढ्यात आई वाटी घेऊन उंबऱ्याच्या बाहेर पडते. तिथं चांगल्या चांगल्या बाया रडतात. मी पन्नास लग्नांत ही ओळ म्हणलीय. नवरा होता तोवर गल्लीत हळद असली की आधी मला बोलावणं यायचं, कारण माझा आवाज मोठा. माझं माहेर मेंढरं राखणारं, माळावर एका टेकडावरून दुसऱ्या टेकडाला हाक मारायची सवय. नवरा गेला आणि बोलावणं बंद झालं. आवाज तोच होता, त्याला काय झालं होतं?

नवरीची आई माझ्यासारखी, नवरा गेलेली असली तर मग त्या घरी हा प्रश्नच म्हणत नाहीत. काकी वाटी घेऊन मुकाट पुढं येते. प्रश्न गाळला की आई गाळली, कुणाला काही बोलावं लागत नाही. लई सोयीचं आहे.

तर मी आत. अंगणात लेक पाटावर. मला बाहेर बघायला मिळणार नाही म्हणून मी माझा मोबाईल खिडकीत, गजाला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ चालू करून ठेवला. नंतर तरी बघीन म्हणलं. बाहेर बायकांनी गाणं सुरू केलं आणि आत्याच्या ओळीनंतरच अडकलं. कुणाला पुढचं नीट येईना. एक म्हणते मामी, एक म्हणते मावशी, तिसरी हसायली. माझ्या लेकीची हळद आणि गाण्याची ही फजिती! दाराआडून मी ओळ उचलली. "नवरीची मामी आली ग, हळद लावाया आली." सवयीनं बायकांनी झेललं. कोण म्हणायलंय हे बघायच्या आतच झेललं. मामी झाली, काकी झाली, मावशी झाली. आवाज असा लागला होता की माझा मलाच शहारा आला.

आणि मग मी तो प्रश्न म्हणला. चुकून नाही म्हणला. म्हणायचाच म्हणून म्हणला.

"नवरीची माय कुठं राह्यली ग, कुठं राह्यली?"

अंगण गप्प. एक बाई बोलली नाही. जाऊ वाटी धरून मधोमध उभी, तिचं तोंड उघडं राहिलेलं, आणि दीर मांडवाच्या खांबापाशी उभा राहून तिच्याकडं डोळे वटारून बघायलेला. हे सगळं मला नंतर व्हिडिओत दिसलं. तेव्हा मला फक्त ती शांतता ऐकू आली. मग दिरानं मांडववाल्याला हात केला, त्यानं धाडकन सिनेमातलं गाणं लावलं, आणि हळद पुढं सरकली.

लग्न झालं, लेक हळ्ळीखेडला गेली. पुढं फोटोवाल्याचा व्हिडिओ आला. हळदीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. बायकांची तोंडं हलतात आणि आवाज भलतीचाच येतो. लेकीचा फोन आला. रडत होती.

"माय, माझ्या हळदीत तू कुठंच न्हाईस. दिसत न्हाईस आन् आवाज बी न्हाई. मी पंचमीला यायलेय, तवर मला तुज्यावाला व्हिडिओ करून ठिव. मला माज्या सासरी तोच दावायचाय."

"करते," म्हणलं. "तुजी माय जिती हाय अजून."

मी माझ्या मोबाईलमधलं ते चित्रण पहिल्यांदा नीट उघडलं. मोबाईल माझ्या अगदी जवळ असल्यानं माझा आवाज मोठा आणि कोरडा आला होता. श्वास घेतलेला ऐकू येत होता, नाक ओढलेलं ऐकू येत होतं. बाहेरच्या बायका लांब. मी गडबडीचं कापलं, अंधारलेलं उजळ केलं. प्रश्नानंतरची ती शांतता मात्र तशीच ठेवली. कुणाच्या तरी बांगड्या वाजतात, एक लेकरू खोकतं, आणि बाकी काही नाही. सिनेमाचं गाणं सुरू व्हायच्या आधी मी व्हिडिओ संपवला.

दीर चहाला आला होता. उंबऱ्यावर बसून त्यानं सगळं बघितलं. कप खाली ठेवला.

"वैनी, हे पाव्हण्याच्या घरी जाणार हाय."

"जाऊ द्या की. त्याच्यासाठीच केलंय."

"तसं न्हाई ओ. हळदीत तुमचा आवाज म्हणल्यावर... त्यांच्यातबी म्हातारी माणसं हायत. उगं पोरीला बोलतील." मग त्यानंच तोड काढली. "असं करा, त्याला दाबून इको टाका. मांडवातल्यावानी. म्हंजी कुणाचा आवाज हाय ते कळायचंच न्हाई. गाणंबी ऱ्हाईल, काम बी हुईल."

बघा माणसाची हुशारी! गाणं पाहिजे, कारण माझ्यासारखं गाणारी दुसरी नाही. मी नको. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही माझंच भांडं, माझ्याच हातानं. मला इतका राग आला की हातातली कात्री मी टेबलावर आपटली. तो उठून गेला. जाताना पुन्हा म्हणला, "इको टाका, बरं का."

टाकते म्हणलं. बघतेच टाकून.

ॲपमध्ये इकोच्या बोटानं सरकवायच्या पट्ट्या तीन असतात. आवाज गेल्यावर किती वेळानं परत यायचा, किती वेळा यायचा, आणि परत आलेला मूळ आवाजाच्या मानानं किती मोठा असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिवण बाजूला सारून बसले आणि आधी मांडववाल्यासारखं केलं. तिन्ही पट्ट्या ओढल्या. ऐकलं तर नुसता गोंधळ. मामी मावशीत घुसली, ओळ ओळीवर चढली, आणि माझा आवाज लांब कुठंतरी गेला. मी दाराच्या आड होते, ह्या इकोनं मला डोंगराच्या आड नेलं. आणि ओळख लपली का? डोंबल लपली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय? उलट माझाच आवाज चार-चार वेळा. हुलसूरपासून हळ्ळीखेडपर्यंत शेंबडं पोर ओळखेल.

तिथं मी हसले. आणि हसता हसता माझं बोट प्रश्नानंतरच्या त्या शांततेवर थांबलं.

मी सगळ्या गाण्यावरचा इको काढून टाकला. आत्या, मामी, काकी सगळ्या साध्या, कोरड्या. फक्त त्या प्रश्नाला इको द्यायचा ठरवला. पण ॲपचा इको लगेच परत येतो, मला तो उशिरा पाहिजे होता. प्रश्न पुरता संपला पाहिजे, बायका उत्तर देतील एवढी वाट बघितली पाहिजे, आणि मग परत आला पाहिजे. पट्टी तेवढी लांब सरकेना. मग मी हातानंच केला. प्रश्नाचा तुकडा उचलला, त्याची नक्कल त्या शांततेत पुढं नेऊन ठेवली, आवाज थोडा बारीक केला. त्याच्यापुढं आणखी एक नक्कल, आणखी बारीक. कापडाला अस्तर लावावं तसं खाली खाली लावत गेले.

लावून ऐकलं. "नवरीची माय कुठं राह्यली ग, कुठं राह्यली?" गप्प. बांगड्या वाजल्या. आणि पुन्हा मीच, जरा लांबून, "नवरीची माय कुठं राह्यली ग?" लेकरू खोकलं. पुन्हा मी.

मी पदर तोंडात कोंबून रडले. रागानंच रडले. बायांनो, तुम्ही बोलला नाहीत ना? ज्यांच्या लेकींच्या हळदीत मी घसा फोडला त्या तुम्ही. मग राहू द्या. माझं मी झेलते. मला कुणाची गरज नाही. हवं तेवढं दाबा, पुन्हा विचारते, पुन्हा विचारते. दिराला सांगितलं, इको टाकलाय. तो म्हणला, "बेस झालं." ऐकून बघितला नाही त्यानं. शब्दावर विश्वास ठेवला बिचाऱ्यानं.

पंचमीला लेक आली. दुपारी गल्लीतल्या बाया तिला भेटायला जमल्या, त्या हळदीतल्याच बहुतेक. टीव्ही मोठा म्हणून सगळं दिराच्या समोरच्या खोलीत. जाऊ भिंतीला टेकून सुपात लाह्या निवडत बसली होती, दीर दारापाशी खुर्ची टाकून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मधी कुठं बसायची सवय मोडली होती, ती काय एका दिवसात येते?

लेकीनं मोबाईल टीव्हीला जोडला. बाया स्वतःला बघून खिदळायल्या. "अगं तुजं पोट बघ किती दिसायलंय!" "तुजं कुठं कमी हाय?" आत्या झाली, मामी झाली. एक बाई म्हणली, "अक्काचा आवाज हाय की गं ह्यो!" दिरानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. नजर काढली नाही.

मग प्रश्न आला. खिदळणं थांबलं. टीव्हीतलं अंगण गप्प आणि खोली गप्प. बायांना वाटलं आता संपलं, एकीनं पदर सावरला. तोवर लांबून पुन्हा, "नवरीची माय कुठं राह्यली ग?"

कुणी कुणाकडं बघेना. एक जमिनीकडं बघायलीय, एक आपल्या नखाकडं.

"बंद करा ते," दीर म्हणला.

"काका, माजी हळद हाय," लेक म्हणली. "मी बघणार."

तिसऱ्यांदा आवाज आला, अगदी बारीक. आणि भिंतीपाशी सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. माझी जाऊ. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्यापुढं आवाज वर न केलेली बाई. तिला गाता येत नाही, घोगरा आवाज आहे. ती म्हणली, "माय आली ग माय आली."

दीर तिच्याकडं वळला. "तुला काय झालं आता?"

"मला काय हुयाचंय? त्या दिवशीच तोंडात आलं हुतं. तुमी डोळे वटारलात म्हून गिळलं. वाटी धरून उभी ऱ्हायले मड्यावानी." ती रडायली होती पण थांबली नाही. "रोज आठवतंय मला ते. आज न्हाई गिळत." आणि पुन्हा जोरात म्हणली, "माय आली ग माय आली!"

आता बाकीच्यांनी धरलं. "हळद घिऊन म्होरं आली!" काही रडत, काही एकमेकींना ढोसत. लेकीनं मला हाताला धरून खोलीत ओढलं आणि मधोमध बसवलं. दीर उठला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. जावेनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी तिच्याशेजारी सरकले. पण खरं सांगू? माझा राग अजून गेला नव्हता. आज बोललात, बरं झालं. पण त्या दिवशी माझी लेक पाटावर होती, ते परत कुठून आणू?

चहा झाल्यावर मी मोबाईल घेतला आणि प्रश्नाच्या त्या दोन्ही नकला पुसून टाकल्या. ती शांतता पुन्हा जशी होती तशी मोकळी झाली.

"कामून काढलीस माय?" लेकीनं विचारलं. "चांगलं वाटायलं हुतं की."

"काढले तर काढले," म्हणलं. "किती दिवस माझं मीच झेलू? दुसऱ्याचंबी काम हाय काही." आणि तसाच व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. हळ्ळीखेडच्या पाहुण्यांसकट सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले होते. दीर मोबाईल हातात घेऊन दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"वैनी, ह्यात इको न्हाई. शेवटाला तुमी इचारलाव, आन् मग नुसतं गप हाय. आवाज गेलाय का?"

"गेला न्हाई भावजी," म्हणलं. "तिथं तुमी बोलायचंय."

त्यानं मोबाईलकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मशीन थांबवली आणि तो काय म्हणतो ते ऐकत बसले.